उशीत काय भरावं?

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडं म्हण आहे. दिवसभर राबलेल्या बाईला दगडावरही झोप लागते, हे खरंच. पण सकाळी मान आखडली की तीच बाई हंडा उचलताना कळवळते. गटाच्या बैठकीत आम्ही हप्ते गोळा करायला बसलो, की मानेचं आणि खांद्याचं दुखणं कुणीतरी काढतंच. आपल्या जामखेड तालुक्यातून आणि शेजारच्या पाटोदा, आष्टी भागातून कितीतरी जणी दर हंगामाला ऊसतोडीला जातात. दिवसभर डोक्यावर मोळी वाहायची आणि रात्री कोपीत हाताला येईल ते गाठोडं उशाला घ्यायचं. मानेला विसावा मिळतो तो फक्त रात्री. म्हणून आज आपण उशीबद्दल बोलू.

उशीचं काम एकच. झोपल्यावर मान आणि अंथरूण यांच्यामध्ये जी पोकळी राहते, ती भरून काढायची. कुशीवर झोपलं की खांद्यामुळं ही पोकळी मोठी होते, म्हणून उशी उंच आणि जरा घट्ट लागते. पाठीवर झोपणारीला कमी उंचीची पुरते. पालथं झोपायची सवय असेल तर अगदी पातळ उशी घ्या, नाहीतर घेऊच नका. त्या झोपेत मान आधीच एका बाजूला पिळलेली असते.

अंथरुणाचाही विचार करा. मऊ गादीत खांदा रुततो, त्यामुळं कमी उंचीची उशी चालते. जमिनीवर सतरंजी आणि वाकळ टाकली तर खांदा रुतत नाही, मग कुशीवर झोपताना उंची जास्त लागते. दुकानातल्या गादीवर बरी वाटलेली उशी घरी कमी पडते, ती याचमुळं.

नवी उशी घेण्याआधी घरच्या घरी माप घ्या. चादरीची घडी करून उशाला घ्या, नेहमीसारखं कुशीवर झोपा आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. डोकं, मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत आला पाहिजे. येत नसेल तर घडी कमी-जास्त करा. जमली की डोकं टेकल्यावर ती किती बोटं उंच राहते ते मोजून ठेवा. हे तुमच्या उशीचं माप. झोपताना उशीवर डोकं आणि मान घ्या, खांदा खालीच राहू द्या.

आता भरण बघू.

पहिला आपला कापूस. आपल्या जिल्ह्यात शेवगाव-पाथर्डीकडं आणि पलीकडं बीड जिल्ह्यात तो भरपूर पिकतो. सरकी काढलेली रुई पिंजून उशीत भरतात. एका उशीला साधारण एक ते दीड किलो लागते. कापूस घाम शोषतो, उन्हाळ्यात डोकं तापू देत नाही आणि मानेला घट्ट आधार देतो. त्याचा दोष म्हणजे तो दबतो. काही महिन्यांत उशी बसते, पुढं गोळे होतात. पण त्यावर उपाय आहे. पिंजाऱ्याकडून तोच कापूस पुन्हा पिंजून घेतला, थोडा नवा मिसळला, की उशी परत फुलते. एकदा घेतलेला कापूस असा वर्षानुवर्षं वापरता येतो. नवी उशी भरताना मापापेक्षा थोडी उंच भरून घ्या, कारण ती बसणारच.

दुसरा सावरीचा कापूस. काटेसावरीची लाल फुलं गळून बोंडं लागतात आणि उन्हाळ्यात ती उकलून रेशमासारखा कापूस उडतो. हा धागा गुळगुळीत आणि आखूड, म्हणून त्याचं सूत निघत नाही, पण उशी फार मऊ आणि हलकी होते. तो पाणी फारसा शोषत नाही. मात्र नीट पिंजता येत नाही, दबला की दबला. खोळ दाट विणीच्या कापडाची लागते, नाहीतर तंतू बाहेर येऊन नाकात जातात. शिवाय तो चटकन पेटतो. चूल आणि अंथरूण एकाच खोलीत असेल तर ही उशी नकोच.

तिसरं फायबर, म्हणजे पॉलिस्टरचे धागे. बाजारात पिशवीबंद मिळणाऱ्या बऱ्याच उशांमध्ये हेच असतं. हलकं आणि धुता येण्यासारखं. ज्या घरात दमा किंवा सर्दी-शिंकांचा त्रास आहे, तिथं धुता येणं मोठी सोय आहे. पण ते घाम शोषत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत चपटं होतं. उशी मधोमध दुमडून सोडा. आपोआप उलगडली नाही, तर तिचं काम संपलं.

चौथा फोम. आकार धरून ठेवतो, पण गरम होतो. तो धुवायचा नाही आणि कडक उन्हात ठेवायचा नाही. उन्हानं पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. दारावर येऊन ‘या उशीनं मणक्याचा आजार जातो’ असं सांगून महागडी उशी हप्त्यानं विकणारे असतात. उंची बरोबर असली तर साधी उशीही तेवढाच आधार देते. आणि आजार उशीनं बरा होत नाही. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, हातातली वस्तू सुटत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.

विकतची उशी परवडत नसेल, तर जुन्या सुती लुगड्यांच्या स्वच्छ धुतलेल्या, बारीक कापलेल्या चिंध्या भरा. सुती आणि नायलॉन एकत्र करू नका. ऊसतोडीला जाताना अशी उशी बरोबर न्या. गाठोड्यात गाठी असतात, त्या मानेला रुततात. पाचट भरू नका, ते टोचतं आणि त्याची धूळ उडते.

उशी शिवून घेताना खोळीच्या एका बाजूला चेन लावा किंवा नुसता धावदोरा घाला. मग उंची जास्त वाटली तर मूठभर भरण काढता येतं. तयार उशी घेताना कोपरा उसवून आत काय आहे ते दाखवायला सांगा. वरून पांढरी खोळ आणि आत कळकट गिरणीचा कचरा, असंही असतं.

आता तान्ह्या बाळाचं. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडं बाळाला मोहरीची उशी देतात. आजी-पणजींनी ती मायेनंच दिली, पण आज डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको. मऊ उशीत तोंड रुतलं तर त्या जिवाला मान वळवता येत नाही, श्वास कोंडू शकतो. शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाते. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवा. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून कधी डावीकडं, कधी उजवीकडं वळवा आणि जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवा. गरोदर बाईनं मात्र जादा उशी जरूर घ्यावी. कुशीवर झोपून ती दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवली की कंबरेला आराम पडतो.

शेवटी निगा. कुठल्याही उशीत घाम, तेल आणि धूळ साठते. त्यात डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि दम्याचा त्रास वाढवतात. अभ्रा आठवड्याला गरम पाण्यात धुवा. कापसाची उशी धुवू नका, आत ओल राहून बुरशी धरते. तिला कडक ऊन द्या, उलटसुलट करा, काठीनं झोडपा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की आधी उशा बाहेर काढा.

दिवाळीच्या आधी, टोळ्या निघायच्या आत, घरातली प्रत्येक उशी एकदा हातानं चाचपून बघा. गोळे लागले तर पिंजाऱ्याकडं न्या. आपण घरातल्या सगळ्यांची अंथरुणं घालतो, त्यात आपल्या मानेचंही माप घेऊ.