ऐकू येते, पण उमगत नाही

बहिरेपणाविषयी समाजाची कल्पना फार ढोबळ आहे. ज्याला ऐकू येते तो धडधाकट आणि ज्याला येत नाही तो बहिरा, एवढीच विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते. या दोहोंच्या सीमेवर उभा असलेला माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो. दारावरची थाप त्याला ऐकू येते, शेजारच्या खोलीतील पुरुषी आवाज कानी पडतो. परंतु समोर बसलेल्या नातीचे बोलणे त्याला कळत नाही, आणि लग्नघरात चारचौघे एकदम बोलू लागले की संभाषणाचा धागा त्याच्या हातून सुटतो. ‘यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते,’ असा शेरा मग घरातच मारला जातो. वस्तुतः उच्च कंप्रतेच्या श्रवणहानीचे हेच प्रमुख लक्षण होय.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. ती उलगडल्यास जेमतेम ३५ मिलीमीटर भरेल. तिच्यातील सूक्ष्म केसयुक्त पेशी ध्वनीचे संदेश मज्जातंतूंकडे पोचवितात. नळीच्या आरंभीच्या पेशी उंच पट्टीचे ध्वनी टिपतात, टोकाकडच्या पेशी खर्जातले. वार्धक्य, सततचा गोंगाट, तसेच जेंटामायसीन वा अमिकासीनसारखी काही औषधे यांचा आघात बहुधा आरंभीच्या पेशींवर प्रथम होतो. माणसाच्या कानातील या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

भाषेवर याचा परिणाम कसा होतो, हे वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकाच्या सहज ध्यानात येईल. बोलण्यातील स्वरांचे बळ मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली असते. स, श, फ, त, ठ यांसारख्या कठोर वर्णांची ओळख बव्हंशी २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात दडलेली असते. ‘सात’, ‘साठ’, ‘साप’ आणि ‘साफ’ या शब्दांतून कठोर वर्ण पुसले गेले की हाती उरतो तो केवळ ‘आ’. शब्दाचा आवाज पोचतो, अर्थ पोचत नाही. खिडकीपाशी बसणाऱ्या कारकुनाने ‘साठ’च्या जागी ‘सात’ लिहिले, तर त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येतो. वर्गातील मुलाने भलतेच उत्तर दिले, तर ‘लक्ष नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकावर पडतो. अशा माणसाशी ओरडून बोलण्यानेही फारसे साधत नाही. ओरडण्याने स्वर वाढतात. हरवलेली व्यंजने त्या मानाने दुबळीच राहतात.

कायद्याची दृष्टीही या माणसाला पुरती पाहत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘ऐकण्यास कठीण’ अशी जी व्याख्या केली, तीत दोन्ही कानांत संभाषणाच्या कंप्रतांवर ६० ते ७० डेसिबेल हानी अपेक्षिली आहे. खालच्या पट्टीतील शाबूत श्रवण सरासरीत वरच्या पट्टीतील हानी झाकून टाकते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कानांची हानी तर बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. गोंगाटजन्य श्रवणहानीची नोंद कारखाना कायद्याच्या रोगसूचीत झाली खरी. परंतु लहानशा शेडमधील कामगाराचा कान तपासण्यास कोण जातो?

उपाय नाहीत असे नव्हे. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतची श्रवणचाचणी अर्ध्या-पाऊण तासात होते आणि कोणत्या पट्टीत किती हानी आहे, हे आलेखावर स्पष्ट दिसते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, तसेच अनेक मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. आजची श्रवणयंत्रे या आलेखानुसार जुळविता येतात. जी पट्टी दुबळी, तिलाच ती बळ देतात. बाजारातून परस्पर आणलेले यंत्र सारेच ध्वनी वाढविते, गोंगाट असह्य करते, आणि अखेर कपाटात जाऊन पडते. योग्य यंत्रालाही सरावण्यास काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी निराश होण्याचे कारण नाही.

याहून स्वस्त उपाय घरातल्यांच्या हाती आहेत. उजेडात, समोरासमोर, सावकाश बोलावे. रेडिओ वा दूरदर्शनचा आवाज आधी बंद करावा. न कळलेले वाक्य तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. चष्मा लावण्यात आज कोणाला कमीपणा वाटत नाही. कानातील यंत्राचीच लाज का वाटावी? ज्याला उमगत नाही तो हळूहळू बोलणेच टाळू लागतो आणि भरल्या घरात एकटा पडतो. शेरा मारण्यापूर्वी चाचणी करून घेण्याची सवय समाजाला लागली, तर यांतील पुष्कळसे एकाकीपण टळेल.