वेगातील काटकसर : अलेक्झांडर पोपोव्ह
(जलतरणाचे मानकरी : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आपण मॅट बायोंडी या अमेरिकन जलतरणपटूपाशी येऊन थांबलो होतो. १९८८ साली ऑस्टिन येथे शंभर मीटर मुक्तशैलीचे अंतर ४८.४२ सेकंदांत कापून जागतिक उच्चांक प्रस्थापित करणारा, आणि त्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच दाखल झालेल्या पन्नास मीटरच्या शर्यतीचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा हा धिप्पाड पुरुष इतक्या लवकर पदच्युत होईल, असे त्या काळी फारच थोड्यांना वाटले असेल. परंतु चार वर्षांनी बार्सिलोना येथे वीस वर्षांच्या एका रशियन युवकाने ही दोन्ही अंतरे जिंकली, पुढील ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा जिंकली, आणि ज्या वयात शीघ्रगतीचे जलतरणपटू बहुधा निवृत्तीचा अर्ज लिहून मोकळे होतात त्या वयातही जगज्जेतेपद मिळवले. त्याचे नाव अलेक्झांडर पोपोव्ह. पाण्यातील वेग हा बळाच्या काटकसरीतून जन्मतो, या सिद्धान्ताचा याहून सबळ दाखला जलतरणाच्या इतिहासात मला आढळलेला नाही.

पोपोव्हचा जन्म १६ नोव्हेंबर १९७१ रोजी उरल पर्वताच्या परिसरातील लेस्नॉय या गावी झाला. सोव्हिएत दप्तरी स्वेर्दलोव्स्क-४५ या सांकेतिक नावाने नोंदलेले, अण्वस्त्रनिर्मितीच्या कारणास्तव नकाशातून वगळलेले आणि परवान्यावाचून प्रवेशास मनाई असलेले असे हे गाव होते. आठव्या वर्षी वडिलांच्या आग्रहाखातर तो तलावावर गेला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटत असे. पुढे तो उताणे पोहण्याच्या शैलीत तयार झाला. आणि १९९० साली गेन्नादी तुरेत्स्की या प्रशिक्षकाच्या हाताखाली येईपर्यंत मुक्तशैली हे आपले क्षेत्र आहे, याची त्याला जाणीव नव्हती. तुरेत्स्कीने त्याला पालथे केले, आणि तेथून या कारकिर्दीचा खरा आरंभ झाला.

तुरेत्स्कीने काय शिकवले, हे कळण्यासाठी पाण्याचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. पाणी हे हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी घन. त्यामुळे धावणाऱ्याला जी हवा जवळजवळ जाणवत नाही, तिच्या जागी पोहणाऱ्यापुढे एक सतत मागे लोटणारे माध्यम उभे असते. शिवाय हा प्रतिरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवू गेल्यास प्रतिरोध सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक खर्चावी लागते. हा हिशेब मनात धरला, म्हणजे ध्यानात येते की ज्या जलतरणपटूला आपले बळ वाढवणे दुरापास्त झाले आहे त्यालाही वेग वाढवण्याचा एक मार्ग खुला राहतो, आणि तो म्हणजे पाण्याला अडवण्यास कमीत कमी जागा देणे.

दुसरी गोष्ट अशी की पोहण्याचा वेग हा दोन राशींचा गुणाकार असतो : एका हातासरशी शरीर किती पुढे सरकते ही एक, आणि ठरावीक काळात किती हात मारले जातात ही दुसरी. शीघ्र शर्यतीत उतरलेल्या माणसाची स्वाभाविक ओढ दुसऱ्या राशीकडे असते. तो घाईघाईने हात मारतो, पाणी घुसळतो, आणि प्रत्येक हात आखूड पडत गेल्यामुळे श्रमाच्या मानाने त्याच्या पदरी अंतर थोडे पडते. तुरेत्स्कीने पोपोव्हकडून पहिल्या राशीची उपासना करवून घेतली. एक हात पाण्याखालून मागे जात असता दुसरा पुढे पूर्ण लांबवलेला ठेवणे, जेणेकरून शरीराची पाण्यातील लांबी वाढते आणि लाटांचा अटकाव कमी होतो. प्रत्येक हाताबरोबर सबंध धड एकसंधपणे कुशीवर वळवणे, जेणेकरून खांद्यांवर पडणारा भार कमरेच्या व पाठीच्या मोठ्या स्नायूंवर वाटला जातो. मस्तक स्थिर आणि कोपर उंच राखणे. आणि या सर्व गोष्टी प्रथम संथ गतीने, एकही दोष शिरू न देता मैलोगणती पोहून अंगवळणी पाडणे, हा त्या तालमीचा शिरस्ता होता. बायोंडीच्या पोहण्याचाही गुरुशिष्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. ज्याला हरवावयाचे त्याच्याकडूनच विद्या घ्यावी, ही वृत्ती मला या कथेत फार मोलाची वाटते.

१९९१ साली अथेन्स येथे शंभर मीटरचे युरोपीय अजिंक्यपद त्याने मिळवले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ज्या सोव्हिएत संघराज्याचा तो खेळाडू होता, त्या राज्याचा अंमलच संपुष्टात आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो पूर्वीच्या प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघातून उतरला. पन्नास मीटरमध्ये २१.९१ सेकंद घेऊन त्याने बायोंडीला आणि तत्कालीन जागतिक उच्चांक ज्याच्या नावे होता त्या टॉम जेगरला मागे टाकले, तर शंभर मीटरची शर्यत ४९.०२ सेकंदांत जिंकली.

त्यानंतर तुरेत्स्की ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय क्रीडासंस्थेत दाखल झाला आणि शिष्यही त्याच्यामागे तेथे गेला. १८ जून १९९४ रोजी माँटे कार्लो येथे पोपोव्हने शंभर मीटरचे अंतर ४८.२१ सेकंदांत पार करून बायोंडीचा उच्चांक मोडला. १९९६ साली अटलांटा येथे गॅरी हॉल या तेज अमेरिकन प्रतिस्पर्ध्याला त्याने पन्नास मीटरमध्ये १३ शतांश आणि शंभर मीटरमध्ये अवघ्या ७ शतांश सेकंदांनी हरवले. शंभर मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक लागोपाठ दुसऱ्यांदा राखणारा, १९२४ आणि १९२८ च्या जॉनी वाइसमुलरनंतरचा, हा पहिलाच पुरुष; आणि दोन्ही शीघ्र अंतरे लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जिंकण्याचा मान तर त्यापूर्वी कोणालाच लाभला नव्हता.

या यशाला काही आठवडेच लोटले असता मॉस्कोच्या रस्त्यावर कलिंगडविक्रेत्यांशी झालेल्या बाचाबाचीत त्याच्या पोटाच्या बाजूस सुरी भोसकली गेली. मूत्रपिंडाला आणि फुप्फुसालाही इजा झाली, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेने त्याचे प्राण वाचले. ज्या विद्येत श्वास आणि धडाचे वळण हेच सर्वस्व, तिच्या उपासकावर याहून घातक ठिकाणी वार होणे कठीण. तथापि पुढच्याच वर्षी सेव्हिल येथे युरोपीय स्पर्धेत त्याने दोन्ही अंतरे जिंकली, आणि १९९८ साली पर्थ येथे शंभर मीटरचे जगज्जेतेपद राखले. पन्नास मीटरमध्ये मात्र बिल पिलचुक या अमेरिकनाने त्याला दुसऱ्या स्थानी ढकलले.

जून २००० मध्ये मॉस्को येथे पन्नास मीटरचे अंतर त्याने २१.६४ सेकंदांत तोडले, आणि हा जागतिक उच्चांक २००८ च्या फेब्रुवारीपर्यंत अबाधित राहिला. शंभर मीटरचा उच्चांक मात्र २००० च्याच सप्टेंबरात, सिडनी ऑलिंपिकच्या सांघिक शर्यतीत, मायकेल क्लिम याने ४८.१८ सेकंदांची वेळ देऊन मोडला. हा क्लिम कॅनबेरा येथे तुरेत्स्कीच्याच तालमीत वाढलेला होता. गुरूची विद्या एका शिष्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि तिच्या सत्यतेचा दुसरा पुरावा मिळाला. वैयक्तिक शंभर मीटरमध्ये नेदरलँड्सच्या पीटर व्हान डेन होगेनबांडने पोपोव्हला रौप्यपदकावर रोखले आणि पन्नास मीटरमध्ये तो सहावा आला, तेव्हा त्याचा काळ संपला असे मानणे अगदी स्वाभाविक होते.

आता ज्या दोन आकड्यांसाठी हा सारा मजकूर लिहिला, त्यांच्याकडे वळतो. २००३ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पुन्हा बार्सिलोना शहरीच भरली, आणि एकतिसाव्या वर्षी पोपोव्हने पन्नास व शंभर मीटरची दोन्ही सुवर्णपदके जिंकून शिवाय रशियाच्या सांघिक विजयातही हातभार लावला. पन्नास मीटरमधील त्याची वेळ होती २१.९२ सेकंद, अकरा वर्षांपूर्वी त्याच शहरात ती होती २१.९१. मध्यंतरी प्राणघातक जखम झाली, तारुण्याचा बहर ओसरला, प्रतिस्पर्ध्यांची एक पिढी गेली आणि दुसरी आली. परंतु वेळेत फरक पडला तो एका शतांश सेकंदाचा. स्नायूंचे बळ वयाबरोबर ओसरते, हा निसर्गाचा हुकूम कोणालाही चुकलेला नाही. म्हणून या अकरा वर्षांत जे टिकले ते निव्वळ बळ असणे शक्य नाही, ती पाण्यातून वाट काढण्याची संपादित विद्या होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो वैयक्तिक शर्यतींची अंतिम फेरी गाठू शकला नाही, आणि २००५ च्या आरंभी त्याने निवृत्ती जाहीर केली. चार सुवर्ण आणि पाच रौप्य अशी नऊ ऑलिंपिक पदके तोवर त्याच्या खाती जमा झाली होती.

आपल्याकडे तलावावर मुलांना शिकवताना ‘जोरात हात मार’ हा आदेश सर्रास कानी पडतो. पोपोव्हच्या कारकिर्दीने शिकवणाऱ्यांना काही सांगितले असेल, तर ते हे की आधी हात लांब होऊ द्यावा, अंग वळू द्यावे, संथ पोहण्यात निर्दोषता येऊ द्यावी, आणि मगच घड्याळ हाती घ्यावे. कारण दोषांसह कमावलेला वेग उमेदीची वर्षे संपताच परत द्यावा लागतो. महिलांच्या शंभर मीटरचे सुवर्णपदक लागोपाठ दोनदाच नव्हे तर तीनदा, १९५६, १९६० आणि १९६४ साली जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझर यांचा विचार पुढील लेखांकात करू, आणि त्यांच्या दीर्घ यशाच्या मुळाशी हीच काटकसर होती की आणखी काही, याचा निवाडा तेथे करू.