फांगजी: नाव एक, मुळं दोन



"झाडपाल्याचं औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही!" हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो. मीही म्हणत असे. आज एका चिनी मुळाची हकीकत सांगते, ती ऐकल्यापासून मी जरा जपून बोलते.

चिनी वैद्यकात फांगजी नावाचं मूळ आहे. अंगावर सूज आली, सांधे धरले की वैद्य ते इतर औषधांबरोबर काढ्यात घालतात. पण या एका नावाखाली बाजारात दोन निराळ्या वेलींची मुळं येत. हान-फांगजी ही स्टेफानिया नावाची वेल. तिच्यात टेट्रांड्रिन असतं, ते रक्तवाहिन्या सैल करतं. ग्वांग-फांगजी ही ॲरिस्टोलोकिया कुळातली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. मुळं वाळवून पूड केली, की डोळ्यांना कसं कळणार कुठली कुठली?

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला वजन उतरवण्याचं एक क्लिनिक होतं. १९९० मध्ये त्यांनी आपल्या गोळ्यांत फांगजीची पूड घालायला सुरुवात केली. हवं होतं स्टेफानिया, आलं दुसरंच. १९९२ मध्ये पन्नाशीच्या आतल्या दोन बायका मूत्रपिंडं निकामी होऊन डॉक्टरांकडे आल्या. दोघींचं क्लिनिक एकच निघालं. मग शोध सुरू झाला आणि आकडा हळूहळू शंभराच्या घरात गेला. बहुतेक सगळ्या बायकाच. पुड्या तपासल्या तेव्हा त्यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडलं. वैद्य हे मूळ काढ्यात देत सूज उतरवायला. इथे ते महिनोन्‌महिने पोटात गेलं, तेही बारीक होण्यासाठी.

हे आम्ल करतं काय? मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशी हे आम्ल रक्तातून आत ओढून घेतात. या आम्लाला नायट्रो नावाचा एक गट चिकटलेला असतो, वनस्पतींत तो क्वचितच आढळतो. पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या गटातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला रेणू पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो. तो तिथे वर्षानुवर्षं राहतो. नळ्या सुकतात, त्यांच्या जागी वण धरतो. म्हणूनच कित्येकींनी गोळ्या बंद केल्यानंतरही मूत्रपिंडं बिघडतच गेली. उकळूनही हे आम्ल जात नाही, काढ्यात उतरतंच.

सगळ्यात वाईट म्हणजे दुखत काही नाही. लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत, सूजही विशेष नसते. थकवा येतो, रक्त कमी होतं, आणि तो तर आपल्याला घरकामाचाच वाटतो! पुढे डीएनएच्या बिघाडातून कर्करोगही उद्भवला. या रुग्णांपैकी ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका काढून तपासल्या, त्यांत १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. हे २००० साली प्रसिद्ध झालं.

बाल्कन देशांत डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या गावांतही असाच मूत्रपिंडाचा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. तिथे याच कुळातलं तण गव्हात उगवतं. त्याचं बी पिठात दळलं जाई आणि भाकरीतून पोटात जाई.

आता आपल्याकडे या. बागेत बदकाच्या आकाराची फुलं येणारी बदकवेल पाहिलीत ना? ती याच कुळातली. खुशाल लावा, फक्त पोटात घेऊ नका. आणि रानातली ईश्वरी, जिचं मूळ सर्पदंशावर आणि बाळंतपणात देत आले, तीही ॲरिस्टोलोकियाच. तिच्यातही हेच आम्ल आहे. ग्रीक भाषेतल्या या कुळाच्या नावाचा अर्थच मुळी 'उत्तम बाळंतपण' असा आहे. म्हणजे तिकडच्या सुइणीही हीच वेल वापरत असणार. त्यांना दोष कसा द्यावा? बाळंतपण आज पार पडलं, मूत्रपिंड वर्षांनी बिघडलं, तर दोन्हींचा संबंध कोण लावणार?

तेव्हा कुणी 'पोट कमी करणारी' बिननावाची पूड दिली, तर आत कुठल्या झाडाचं काय आहे ते लिहून मागा. ते सांगता येत नसेल तर पुडी परत करा. आणि अशी पूड आधीच महिनोन्‌महिने घेतली असेल, तर ती डब्यासकट डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. तपासणी साधी आहे, एका सुईचं काम.