टेपर : मैफली टिपून वाटणारे हौशी

मैफल चालू असताना ती श्रोत्यांत बसून स्वतःच्या यंत्रावर टिपणाऱ्या आणि नंतर तिच्या प्रती इतरांना फुकट देणाऱ्या हौशी माणसाला अमेरिकेत ‘टेपर’ म्हणतात. या कामाचे मानधन नसते. यंत्र, टेप, प्रवास आणि टपाल हा सारा खर्च पदरमोड करून भागवायचा असतो. या छंदाला सर्वात मोठे आणि शिस्तबद्ध रूप आले ते ‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियातल्या रॉक बँडभोवती. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या बँडने १९९५ पर्यंत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांतले बहुतेक आज ऐकता येतात.

छंद मात्र त्याहून जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोग मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. आवाज दूरचा आणि खरखरीचा आहे. तरीही जां द रेझ्के या त्या काळच्या थोर गायकाचा आवाज आज ऐकायला मिळतो तो याच नळकांड्यांतून. पुढे १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेट्टी या सॅक्सोफोनवादकाने चार्ली पार्कर या नामवंत जाझवादकाच्या मागे हिंडून त्याचे वादन टिपले. सामग्री वाचवण्यासाठी तो पार्कर थांबला की यंत्र बंद करी. बाकीचे वादक त्यामुळे हरवले, पण पार्करची उत्स्फूर्त कल्पकता हाती राहिली.

ग्रेटफुल डेडचे वादनही असेच उत्स्फूर्त होते. रोजची गाणी वेगळी, त्यांचा क्रम वेगळा, आणि एखादे गाणे एका रात्री दहा मिनिटांत संपे तर दुसऱ्या रात्री अर्धा तास चाले. एकाच रागाच्या दोन मैफली सारख्या होत नाहीत, हे ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला याचे मर्म वेगळे सांगायला नको. कंपनीच्या तबकडीत हे मावत नव्हते, म्हणून चाहत्यांनी ते स्वतः टिपायला घेतले.

सुरुवातीला यंत्रे कपड्यांत लपवून न्यावी लागत. १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्रुकलिनच्या लेस किपेल यांनी टेपांच्या फुकट देवाणघेवाणीचे मंडळ काढले आणि १९७४ मध्ये टेपरांसाठी ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक सुरू केले. बँडने या मंडळींकडे काणाडोळा केला. पुढे सभागृहात मायक्रोफोनच्या काठ्यांचे रान माजले आणि मागच्यांना रंगमंच दिसेना, तेव्हाही बंदी आली नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली इथल्या कार्यक्रमांत टेपरांना ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे स्वतंत्र जागा मिळाली, आणि त्यासाठी वेगळी तिकिटे निघू लागली. अट एकच होती : टेप विकायची नाही.

ध्वनिमुद्रण मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक श्रोत्यांतून मायक्रोफोनने घेतलेले आणि दुसरे थेट मिक्सरमधून, म्हणजे साउंडबोर्डवरून घेतलेले. मिक्सरचा आवाज स्वच्छ असतो, पण त्यात सभागृहाचा घुमारा आणि दाद फारशी येत नाही. दोन्ही जुळवून केलेल्या मुद्रणाला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. श्रोत्यांतून मुद्रण करताना जागेची निवड फार महत्त्वाची ठरते, कारण फार मागे बसले तर शब्द घुमाऱ्यात विरतात. मायक्रोफोन माणसांच्या डोक्यांच्या वर हवेत. ‘ओआरटीएफ’ या प्रचलित पद्धतीत दोन मायक्रोफोन एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, ११० अंशांच्या कोनात ठेवतात. त्यामुळे वाद्ये डावी-उजवीकडे आपापल्या जागी ऐकू येतात. आवाजाची पातळी जरा कमी ठेवणे केव्हाही बरे, कारण फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे. म्हणून दोन गाण्यांमधली उसंत हेरून ती उलटणे हे टेपरचे खरे कौशल्य होते.

वाटपालाही नियम होते. कोरी कॅसेट आणि परतीचे टपालहशील पाठवले की प्रत मिळे. कॅसेटवरून कॅसेट करताना दर वेळी खरखर वाढते, त्यामुळे ही प्रत मूळ टेपपासून कितवी, हे वेष्टनावर प्रामाणिकपणे लिहायचे. मूळ टेपवरून काही जणांनी प्रती घ्यायच्या आणि त्यांनी पुढे आणखी काहींना द्यायच्या, या पद्धतीला ‘ट्री’ म्हणत. डिजिटल काळात हा कटाक्ष कायम राहिला. ‘एमपीथ्री’त आवाजाचा काही भाग गाळला जातो, म्हणून टेपर ‘फ्लॅक’सारख्या काही न गाळणाऱ्या स्वरूपाचाच आग्रह धरतात.

या देवाणघेवाणीने एक मैफल अजरामर केली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपला होता. १९८०च्या दशकात त्यांच्या साठ्यातल्या अनेक टेपा लिलावात निघाल्या. चाहत्यांनी त्या विकत घेतल्या, बुरशी चढलेल्या टेपा दुरुस्त केल्या आणि मैफली सर्वांना वाटल्या. कॉर्नेलची मैफल अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घेतली. अधिकृत अल्बम निघाला तो २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. डिक लॅटवाला हा असाच एक हौशी संग्राहक. बँडने त्यालाच आपला टेपसंग्रह सांभाळायला नेमले आणि १९९३ पासून त्याच्या निवडीचे अल्बम काढले.

२००२ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने अशा मुद्रणांसाठी दालन उघडले. तिथे आज अनेक बँडच्या दोन लाखांहून अधिक मैफली आहेत. २००५ मध्ये ग्रेटफुल डेडच्या वतीने मुद्रणे उतरवून घेण्यावर बंधन आले, तेव्हा चाहते खवळले. अखेर श्रोत्यांतून टिपलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली आणि मिक्सरवरची फक्त ऐकण्यापुरती राहिली. ही तडजोड न्याय्यच होती, कारण मिक्सरवरचे मुद्रण बँडच्या यंत्रणेतून आलेले असते.

या वर्तुळाचा भारतीय संगीताशीही संबंध आला. बँडचे ध्वनितंत्रज्ञ औझली स्टॅनली यांनी मे १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अली अकबर खाँ यांची मैफल टिपली. तबल्यावर १९ वर्षांचे झाकिर हुसेन होते. ते मुद्रण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आला. आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. खासगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही, पण ते चारचौघांत वाटायचे तर कलाकाराची संमती घ्यायला हवी. आपल्याकडेही कित्येक घरांत जुन्या मैफलींचे स्पूल आणि कॅसेट पडून आहेत. दमट हवेत त्यांना बुरशी लागते आणि टेपवरचा लेप सुटतो. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी तारीख, गाव, कलाकार आणि साथीदारांची नावे आठवतात तोवर लिहून ठेवावीत आणि टेप डिजिटल करून घ्यावी.