रॉडवरची चांदी (लेखांक ६)

नांदेड-लातूरकडे ‘पायात रॉड टाकलाय’ हे वाक्य कुणाला नवं नाही. मोटारसायकल घसरते, उसाचा ट्रॅक्टर उलटतो, नडगी मोडते. हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि जखमेत काळी माती गेली, की मोडलेल्या हाडापेक्षा जंतूंचीच धास्ती मोठी.

रॉड स्टीलचा असो वा टायटॅनियमचा, त्याला रक्तपुरवठा नसतो. १९८७ साली अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ अँथनी ग्रिस्टिना यांनी मांडलं, की शरीरात धातू गेला की त्याच्या पृष्ठभागासाठी पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत लागते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. जंतूंनी आधी बूड टेकलं की ते स्वतःभोवती चिकट थर, म्हणजे गेल्या लेखात पाहिलेली बायोफिल्म, तयार करतात. मग अँटिबायोटिकची मात्रा फारशी चालत नाही आणि पुष्कळदा रॉडच काढावा लागतो.

म्हणून रॉडवरच जंतुनाशक लेप द्यायचा. त्यात चांदीचे नॅनोकण सर्वांत चर्चेतले. त्यांच्यातून सुटणारे चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, आवरण फोडतात. कण जितका लहान, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त आणि आयनही जास्त.

हे कण बनवणं अवघड नाही. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या मदतीने ते तयार केले. २००९ सालचा त्यांचा आढावा-लेख जगभर वाचला गेला. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यासारख्या द्रावणात बुरशीचा गाळलेला अर्क घातला, की चंबूतला रंग पिवळसर, मग तपकिरी होत जातो. 

खरी गोम चंबूच्या पुढे आहे. नडगीतला रॉड गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत हातोडीने ठोकत नेतात. त्या घासाघाशीत लेप टिकला पाहिजे. चांदी फार सुटली तर हाड बनवणाऱ्या पेशीही मरतात, कमी सुटली तर जंतू शिरजोर होतात. पेट्रीडिशमध्ये जंतू मेले म्हणून रुग्णाचा पाय वाचला असं होत नाही. आपल्याकडच्या बातम्या नेमकं हेच गाळतात. जर्मनीत हाडाच्या कर्करोगानंतर बसवायच्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर चांदीचा मुलामा वापरात आहे. पण तो मुलामा आहे, नॅनोकणांचा लेप नव्हे. आणि लेप कितीही चांगला असला, तरी उघडी जखम वेळेत आणि भरपूर पाण्याने धुणं सुटत नाही.

ज्यांच्या पायात रॉड आहे त्यांनी एवढं करावं: जखम पाझरू लागली, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. आधीच गोळ्या पोटात गेल्या, तर तपासणीत जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होतं. आधी सर्जनला दाखवा.