किण्वाची टाकसाळ

पुणे लष्करातील बेकरीत मळून ठेवलेला पावाचा मैदा फुगतो, तो त्यातील किण्व, म्हणजे यीस्ट, शर्करा पचवून वायू सोडते म्हणून, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या सूक्ष्म जीवाच्या शुष्क देहाचा जवळजवळ निम्मा भाग पौष्टिक प्रथिनांचा असतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रथिनांची ही टाकसाळ जनुकांचा लेखी हुकूम बजावते. हुकूम कोणाचा, याची चौकशी ती करीत नाही. हडपसरच्या, १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची कावीळ-ब वरील लस याच गुणावर उभी आहे : यीस्टच्या एका जातीत त्या विषाणूच्या केवळ पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक घातलेले असते, आणि यीस्ट ते प्रथिन मुबलक घडविते. विषाणूच नसल्याने रोग होत नाही. शरीराचे पहारेकरी मात्र शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतात. नवजात बालकास ही लस २४ तासांच्या आत अवश्य टोचून घ्यावी.