कानाचे सात प्रश्न

खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन सुटतात. तो ‘टक्’ म्हणजे युस्टेशियन नळी उघडल्याची खूण. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची ही नळी पडद्यामागची पोकळी नाकाच्या मागच्या भागाला जोडते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं बारकाईने वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव.

एरवी ती मिटलेलीच असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला ओढतो, ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते आणि तेवढ्यात आतबाहेरचा दाब सारखा होतो. हे बिनसलं की कान जड. पण बिनसलंय हे कळायचं कसं? कानातून बघावं तर पडदा आडवा येतो, नाकातून दुर्बीण घातली तर फार तर नळीचं तोंड दिसतं.

मग रुग्णालाच विचारा की! २०१२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘ईटीडीक्यू-७’ नावाची प्रश्नावली मांडली. गेल्या महिनाभरात कानात दाब वाटला का? दुखलं? पाण्याखाली असल्यासारखे कान बंद झाले? सर्दीत त्रास वाढला? कटकट, फटफट असे आवाज आले? कान वाजले? ऐकू दबकं आलं? प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. म्हणजे ठणठणीत माणसालाही सात गुण फुकट! बेरीज १४.५च्या वर गेली की नळीवर संशय. पहिल्या पडताळणीत ५० रुग्ण आणि २५ निरोगी माणसं होती. प्रश्नावलीने एकालाही चुकीच्या रांगेत बसवलं नाही. वैद्यकात शंभर टक्के हा आकडा दिसला की मला तरी आधी शंकाच येते.

मेख होती ती तुलनेत. धडधाकट कान घेऊन डॉक्टरकडे जातो कोण? २०१८ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी कानाच्या इतर तक्रारी असलेल्यांनाही हेच प्रश्न विचारले, तेव्हा नळीचे रुग्ण वेगळे काढता येईनात.

असं का, ते बघायला कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. त्याची संवेदना वाहणारी नसच कानाच्या काही भागाचीही संवेदना नेते, आणि नळी उघडणारा तो टाळूचा स्नायूही हलवते. त्यामुळे रात्री झोपेत दात खाणारा माणूस सकाळी ‘कान दुखतोय, भरल्यासारखा वाटतोय’ म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. त्रास किती, हे प्रश्नावली चोख सांगते. उपचाराआधी आणि नंतर त्याच माणसाला विचारलं तर फारच उपयोगी. त्रास कुठून येतो, हे मात्र तिच्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी पडद्यामागचा दाब मोजणारी टिंपॅनोमेट्री लागते, शिवाय ऐकण्याची तपासणी आणि जबड्यावर फिरणारा डॉक्टरचा हात.

सगळ्यात चकवणारा रुग्ण तर अगदी उलट टोकाचा. काहींची नळी मिटतच नाही. एकदम वजन उतरल्यावरही असं होऊ शकतं. तरी तोही ‘कान बंद वाटतो’ असंच सांगतो आणि भरपूर गुण मिळवतो. त्याला विचारायचा प्रश्न या सातांत नाहीच: स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो का, आणि आडवं झाल्यावर बरं वाटतं का? ‘हो’ म्हणाला, तर डॉक्टर त्याला एक नाकपुडी दाबून दुसरीने जोरात श्वास घ्यायला लावतात आणि कानात बघतात. नळी खरंच उघडी असेल, तर श्वासागणिक पडदा आतबाहेर हलताना दिसतो.